वजनाचे सोंग : एका अवजड मोटारसायकलचा अभ्यास

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकासाठी मोटारसायकलवर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. यंत्राचा विषय विज्ञान शाखेने हाताळावा आणि आपण इतिहास, काव्य, समाज यांत रमावे, अशी वाटणी आपण मनाशी करून टाकलेली असते. परंतु यंत्र हीदेखील माणसाने घडविलेली कृती आहे. तिलाही काळ असतो, देश असतो, रूप असते, आणि रूपामागे काही हेतू असतो. मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. एखाद्या जुन्या वास्तूकडे पाहावे तसे एका मोटारसायकलकडे पाहण्याचा प्रयत्न मी या लेखात केला आहे.

ही मोटारसायकल म्हणजे अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीची ‘हेरिटेज सॉफ्टेल क्लासिक’. दूरचा प्रवास सावकाश, ऐसपैस बसून करण्यासाठी बनविलेली, जुन्या वळणाची, अतिशय जड गाडी. ती मला भेटली कऱ्हाडला, मामांच्या शेडमध्ये.

प्रश्न कसा पडला

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते ओळखीच्या लोकांच्या गाड्या दुरुस्त करतात, बुलेट जास्त. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत एका डॉक्टरांनी आपली सेकंडहँड घेतलेली हेरिटेज सॉफ्टेल ऑइल बदलायला आणि ब्रेक तपासायला त्यांच्याकडे आणून सोडली. डॉक्टरांचा मामांवर फार विश्वास.

मामांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, “ही गाडी खोटं बोलते.”

मला काही कळेना. तेव्हा त्यांनी बोटाने दाखविले. मागच्या चाकाच्या आसापासून चौकटीचा नळ सरळ तिरका वर सीटखाली गेलेला. शॉकअब्सॉर्बर नाही, स्प्रिंग नाही. पाहणाऱ्याला वाटावे की चाक चौकटीलाच पक्के जखडले आहे. सायकलला असते तसे. “अशी गाडी रस्त्यावर चालवली तर माणसाचा मणका राहील का?” मामा म्हणाले. “म्हणजे स्प्रिंगा कुठंतरी आहेत. मग लपवल्या कशाला?”

हाच या लेखाचा प्रश्न आहे. नव्या यंत्राने जुन्याचे रूप का घ्यावे? आणि तसे रूप घेणे म्हणजे खोटे बोलणे आहे काय?

थोडा इतिहास

प्रथमतः जुने रूप म्हणजे कोणते, ते पाहू. विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या दोन तरुणांनी १९०३ साली विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात मोटारसायकल बनविण्यास आरंभ केला. पुढे आर्थरचे दोघे भाऊ त्यांना येऊन मिळाले आणि १९०७ साली रीतसर कंपनी स्थापन झाली. इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी दोन सिलेंडर एकमेकांशी ४५ अंशांचा कोन करून बसविलेले इंजिन त्यांनी प्रथम १९०९ साली आणले. ते रूप आजतागायत कायम आहे.

१९३६ साली सुमारे १,००० सी.सी.चे, वरच्या बाजूस व्हॉल्व्ह असलेले नवे इंजिन आले. त्याची वरची झाकणे बंद मुठीच्या पेरांसारखी दिसत, म्हणून लोक त्याला पुढे ‘नकलहेड’ म्हणू लागले. या काळातील गाड्यांना मागे स्प्रिंगा नसत. चाक चौकटीलाच बसविलेले असे आणि हिसके सोसण्याचे काम स्प्रिंगवर बसविलेले सीट करीत असे. १९४९ साली पुढच्या फोर्कमध्ये तेलाचे शॉकअब्सॉर्बर आले. त्या मॉडेलला ‘हायड्रा-ग्लाइड’ म्हणत. मागच्या चाकाला शॉकअब्सॉर्बर मिळायला १९५८ साल उजाडले, ती ‘ड्युओ-ग्लाइड’. १९६५ साली बटण दाबून सुरू होणारी ‘इलेक्ट्रा-ग्लाइड’ आली. एकेक सोय वाढत गेली, तसतसे गाडीचे अंगही भरत गेले.

१९६९ साली कंपनी एएमएफ या मोठ्या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. त्याच सुमारास जपानी गाड्यांनी अमेरिकेची बाजारपेठ व्यापली. होंडाने १९७४ साली चार सिलेंडरची, पाण्याने थंड होणारी ‘गोल्ड विंग’ पुढे आणली. लांबच्या प्रवासासाठी ती अतिशय शांत व भरवशाची ठरली. १९८१ साली हार्लेच्याच १३ अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी विकत घेतली. १९८३ साली अमेरिकन सरकारने ७०० सी.सी.हून मोठ्या परदेशी मोटारसायकलींवर जबर जकात बसविली. त्या सावलीत हार्लेने १९८४ च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमचे नवे ‘इव्होल्यूशन’ इंजिन आणले आणि त्याच वर्षी ‘सॉफ्टेल’ ही नवी चौकटही आणली.

जपानी गाड्यांशी वेगात आणि तंत्रात स्पर्धा करणे कठीण होते. पण एक गोष्ट हार्लेपाशी होती, जी दुसऱ्या कोणापाशी नव्हती : स्वतःचा भूतकाळ. १९८६ साली आलेली ‘हेरिटेज सॉफ्टेल’ ही त्या भूतकाळाची मूर्ती होय. पुढच्या फोर्कवर हायड्रा-ग्लाइडसारखी पत्र्याची जाड आवरणे, भरदार मडगार्ड आणि मागे जणू स्प्रिंगाच नाहीत असे १९४० च्या दशकातले रूप. पुढे ‘क्लासिक’मध्ये वाऱ्यासाठी उंच काच आली आणि दोन्ही बाजूंना चामड्याच्या थैल्या आल्या. या थैल्या म्हणजे घोड्याच्या पाठीवरच्या खुर्ज्याच. घोडा गेला, खुर्जी राहिली.

लपविलेली स्प्रिंग

आता मामांच्या प्रश्नाकडे वळू. आम्ही गाडीखाली जाड पुठ्ठा टाकून उताणे पडलो आणि बॅटरीच्या उजेडात पाहिले. गिअरबॉक्सच्या खाली, जमिनीला समांतर, दोन शॉकअब्सॉर्बर आडवे निजविलेले होते. मागचे चाक धरणारी चौकट त्रिकोणी आहे आणि ती एका खिळीवर वरखाली फिरते. बाहेरून दिसतो तो त्या त्रिकोणाचा तिरका नळ. म्हणून ती अखंड चौकट भासते. चाक खड्ड्यावरून उसळले की त्रिकोणाचे खिळीखालचे टोक मागे सरकते आणि शॉकअब्सॉर्बर दाबला न जाता ताणला जातो. आपण नेहमी पाहतो त्या शॉकअब्सॉर्बरच्या नेमकी उलट ही रीत आहे. मिसुरी राज्यातील बिल डेव्हिस या इंजिनिअरने ती कल्पना बसविली आणि कंपनीने तिचे हक्क त्याच्याकडून विकत घेतले. २०१८ च्या मॉडेलपासून रचना बदलली. आता सीटखाली एकच शॉकअब्सॉर्बर असतो. पण लपविण्याचा नियम तोच राहिला.

मामा बराच वेळ तसेच पडून होते. मग म्हणाले, “खोटं नाही रे. सोंग आहे. पण सोंग चांगलं वठवायचं तर आतून दम लागतो.”

हा दम म्हणजे काय, ते पुढच्या एका गोष्टीवरून ध्यानात येईल. ४५ अंशांच्या या इंजिनात दोन्ही सिलेंडरचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनेवर बसतात. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकचे दोन पूर्ण फेरे, म्हणजे ७२० अंश, हे एक आवर्तन. स्फोट समान अंतराने व्हायचे तर ते ३६० अंशांनी व्हायला हवेत. परंतु या रचनेत ते ३१५ आणि ४०५ अंशांनी होतात. एक लवकर, एक उशिरा. त्यामुळे ताल असा पडतो : धब्‌धब्… धब्‌धब्… तबल्यावर लंगडा ठेका धरावा तसा. हा आवाज इतका ओळखीचा, की १९९४ साली कंपनीने तो आपला व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्याचा अर्ज केला होता. पुढे २००० साली तो मागे घेतला.

या तालासोबत थरथरही येते. दोन सिलेंडर ९० अंशांत असतील तर पिस्टनांचे मुख्य धक्के समतोल करता येतात. ४५ अंशांत ते पूर्णपणे जमत नाही. कंपनीच्या इतर मोठ्या टूरिंग गाड्यांत इंजिन रबरावर बसवून ही थरथर अडविली जाते. पण सॉफ्टेलमध्ये इंजिन जुन्या पद्धतीने चौकटीला थेट बोल्टने आवळलेले. रबराला वावच नाही. तेव्हा २००० च्या मॉडेलपासून सॉफ्टेलच्या इंजिनात उलट फिरणारे दोन वजनदार दांडे घातले गेले. ते पिस्टनांच्या धक्क्याला विरुद्ध धक्का देतात. म्हणजे पाहा : जुने रूप हवे म्हणून इंजिन घट्ट आवळले, घट्ट आवळले म्हणून थरथर वाढली, आणि ती मारण्यासाठी आत नवी योजना करावी लागली. बाहेरची साधेपणाची कळा टिकविण्याकरिता आतली रचना अधिक अवघड झाली. साधे दिसणे हे नेहमीच साधे नसते. आपल्या साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगायला नको.

निवांतपणाचे गणित

या गाडीवरून जाणारा मनुष्य निवांत दिसतो. पाय पुढे फळीवर, पाठ ताठ, हात सैल. हा निवांतपणा केवळ बसण्याच्या ढबीतून येतो काय? मी थोडे ढोबळ गणित करून पाहिले.

डॉक्टरांची गाडी १,६९० सी.सी.ची, प्रवासाला सज्ज असताना वजन सुमारे ३४५ किलो. स्वार आणि सामान धरून ४४० किलो मानू. ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर, या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना वारा आणि टायरांचे घर्षण यांना तोंड द्यायला माझ्या हिशेबाने सुमारे ११ अश्वशक्ती पुरते. या वेळी सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला दोन हजारांच्या आसपास फेरे घेत असते आणि तेवढ्या फेऱ्यांवर ते तीसहून अधिक अश्वशक्ती देऊ शकते. म्हणजे ताकदीचा एक-तृतीयांश हिस्साच कामाला लागला, बाकीची शिल्लक.

याउलट आपली घरोघरची शंभर सी.सी.ची गाडी घ्या. ती हलकी, तिला लागते कमी. तरी ताशी ९० ला तिलाही आठ-साडेआठ अश्वशक्ती हवी, आणि तिच्या इंजिनाची सगळी कमाईच सुमारे आठ. ती मिनिटाला आठ हजार फेऱ्यांच्या आसपास पळत, सर्व दम लावून तेथवर पोहोचते. मोठ्या गाडीचे दोन सिलेंडर सेकंदाला मिळून सुमारे ३३ स्फोट करतात. दर स्फोटाला गाडी पाऊण मीटर पुढे जाते. लहान गाडी त्याच अंतरासाठी दोन स्फोट करते. पैलवानाने घागर उचलून न्यावी आणि पोराने तीच घागर न्यावी, असा हा फरक आहे. घागर दोघेही पोहोचवितात. पण एक वाटेत गप्पा मारतो.

तात्पर्य, निवांतपणा म्हणजे सावकाशपणा नव्हे. निवांतपणा म्हणजे शिल्लक.

दुसरे कारण भूमितीचे. पुढच्या आणि मागच्या आसांतील अंतर सुमारे १.६३ मीटर, म्हणजे पुष्कळ लांब. पुढच्या फोर्कचा आधार उभ्या रेषेपासून तीस अंशांहून थोडा अधिक कललेला. यामुळे पुढचे चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा हँडलच्या आसाच्या रेषेपेक्षा बरीच मागे राहते, आणि ढकलगाडीच्या फिरत्या चाकाप्रमाणे ते चाक आपोआप सरळ होऊ पाहते. सरळ रस्त्यावर गाडी स्वतःच रेघ धरते. स्वाराला सारखे सावरावे लागत नाही.

ही भूमिती कोठल्या रस्त्यांसाठी आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला लगेच कळेल. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने राज्याराज्यांना जोडणाऱ्या प्रचंड महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. मैलोगणती वळण नाही, अशा माळरानावरून दिवसभर जायचे असेल तर लांब, जड, सरळ चालणारी गाडी हवी. यंत्राचा आकार त्याच्या देशाचा भूगोल सांगतो. तीच गाडी आपल्या घाटात आणली की भूमिती उलटते. नागमोडी वळणावर तिला वळायला जागा फार लागते. फार कलविली तर पायाची फळी रस्त्याला घासते. ४४० किलोचे ओझे ताशी ९० ने जाताना त्यात लहान गाडीच्या सव्वादोनपट ऊर्जा साठलेली असते, आणि उतारावर ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांना उष्णतेच्या रूपाने पचवावी लागते. म्हणून घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनाकडून आवर घालून घ्यावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम येथे दुप्पट लागू आहे. शहरातल्या गर्दीत तर हवेने थंड होणारे हे इंजिन उजव्या मांडीला चांगलेच चटके देते. निवांतपणा हा गाडीचा गुण खरा. पण तो रस्त्याने दिला तरच मिळतो.

जे मी शिकलो

येथवरचे ज्ञान मी पुस्तकातून आणि मामांकडून मिळविले. पुढचे गाडीने स्वतः शिकविले.

काम झाल्यावर तिसऱ्या दिवशी मामा जेवायला घरात गेले होते. शेडमध्ये सावली सरकली म्हणून मी गाडी बंद ठेवूनच हाताने ढकलत अंगणात काढू लागलो. सपाटीवर ती मुकाट्याने आली. ते पाहून मला वाटले, वजनाची उगाच भीती घालतात. मोरीच्या पन्हळापाशी मी हँडल वळविले आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबला. गाडी माझ्याकडून पलीकडे कलली. मी हँडल धरून ओढले. क्षणभर वाटले, धरली. मग ती सावकाश, अगदी शांतपणे, आपल्या इच्छेने आडवी झाली. मला कोठे लागले नाही. पण लोखंडी गार्ड फरशीवर घासला आणि डाव्या खुर्जीचे चामडे हातभर फाटले.

नंतर हिशेब केला. गुरुत्वमध्य जमिनीपासून एक हात, म्हणजे अंदाजे ४५ सेंटिमीटर, आणि हँडल एक मीटर उंच धरले, तर पाच अंश कललेली गाडी सावरायला हँडलवर साधारण १३ किलोचा जोर पुरतो. एवढा कोणीही लावील. पण वीस अंशांवर ५० किलोहून अधिक लागतो. आणि पाचावरून वीसवर जायला डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ लागतो. तेव्हा जड गाडीचा पहिला धडा हा, की ती पडू लागल्यावर धरायची नसते; कलूच द्यायची नसते. थांबताना हँडल सरळ, पुढचा ब्रेक वळणात नाही, पाय टेकण्याआधी जमीन पाहायची. आणि खरोखर पडू लागली तर सोडून बाजूला व्हायचे. चामडे शिवता येते, पाय शिवता येत नाही.

मामा आवाज ऐकून हात न धुताच बाहेर आले. काही बोलले नाहीत. गाडीकडे पाठ करून, कंबर टेकवून, एक हात हँडलला आणि एक सीटखालच्या नळाला घालून, पायांच्या जोरावर त्यांनी ती उभी केली. मी फक्त पलीकडून आधार दिला. संध्याकाळी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. “डॉक्टरसाहेब, माझ्या हातून गाडी पडली. खुर्जी नवी करून देतो.”

मी शेजारीच उभा होतो. ज्या माणसाला गाडीने स्प्रिंगा लपविलेल्या खपल्या नव्हत्या, तो माझ्याकरिता खोटे बोलला होता. एकतीस वर्षे हातात पाना धरलेल्या माणसाने आपल्या हातावर ठपका घेतला होता. मी त्या रात्री काही बोललो नाही, आणि पुढचे दोन महिनेही नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मात्र प्रश्न समोर उभा राहिला : यात ही हकिकत कशी सांगू? खरी सांगितली तर मामा खोटे ठरतात. मामांचीच सांगितली तर लेख खोटा ठरतो. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत डॉक्टरांकडे जाऊन सांगितले. ते हसले. म्हणाले, “मला तेव्हाच कळलं होतं. तुझ्या मामांच्या हातून गाडी पडत नाही.”

मामांना हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “बरं केलंस,” आणि पुन्हा बुलेटच्या क्लचमध्ये डोके घातले.

समारोप

मग ती गाडी खोटे बोलते काय? माझ्या मते नाही. ती जुनी असल्याचा दावा करीत नाही. ती जुन्याची आठवण करून देते, आणि त्या आठवणीची किंमत आतल्या कामात प्रामाणिकपणे चुकविते. स्प्रिंग लपविलेली आहे, पण ती आहे आणि काम करते. बहुरूपी पोलीस होऊन दारात येतो तेव्हा आपण फसत नाही. त्याचे सोंग किती बेमालूम वठले, याला दाद देतो. फसवणूक तेव्हा झाली असती, जेव्हा स्प्रिंगच नसती आणि आहे असे सांगितले असते.

हार्ले-डेव्हिडसनने भारतात २०१० साली विक्री सुरू केली, २०११ पासून हरियाणातील बावल येथे गाड्या जोडल्या, आणि २०२० साली तो कारखाना बंद करून हीरो मोटोकॉर्पशी करार केला. अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर थोड्याच आहेत आणि बहुतेकांना त्या दुरूनच पाहाव्या लागतील. तरी त्या पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पैशाचे सोंग आणता येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. मी तीत एक भर घालतो : वजनाचे सोंगही आणता येत नाही. रूप जुने घ्या, नवे घ्या, चामडे लावा, क्रोम लावा. पन्हळापाशी ३४५ किलो ते ३४५ किलोच.

आणि दुसरी गोष्ट : जड वस्तू सांभाळणारा माणूस तिच्याशी झुंजत नाही. तो तिला कलू देत नाही, एवढेच.

डॉक्टर पुढच्या महिन्यात सपत्नीक हंपीला जाणार आहेत. नवी खुर्जी कऱ्हाडच्याच एका कारागिराने शिवली आहे. मूळचीपेक्षा टाके जरा मोठे आहेत. तिचे निम्मे पैसे मी दिले.